डब्यातल्या जुन्या नाण्यांचे खरंच लाखो रुपये मिळतात का?

"तुमच्याकडे वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं आहे? मग तुम्ही घरबसल्या १० लाख कमवू शकता!"

असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. खाली नाण्याचा फोटो, बाजूला नोटांची चळत आणि एक मोबाईल नंबर. मग कुणीतरी आत्या किंवा काका लिहितात, "अरे, आपल्या आजीच्या डब्यात असली नाणी होती ना?" त्या दिवशी संध्याकाळी कपाटावरचा गंजका डबा खाली उतरतो. त्यातून चार आणे, वीस पैसे, भोकाचा पैसा, एखादा राणीछाप रुपया बाहेर पडतो आणि घरातले सगळे चष्मे लावून साल वाचत बसतात.

या नाण्यांना खरंच किंमत आहे का? आज नसेल, तर अजून पन्नास वर्षं जपून ठेवली तर नातवंडांना काही मिळेल का? आणि जाहिरातीतला तो लाखाचा आकडा येतो तरी कुठून?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: तुमच्या डब्यात चांदीची नाणी असतील तर त्यांना निदान चांदीचा भाव नक्की आहे. बाकीच्यांपैकी बहुतेक नाण्यांची किंमत फार तर काही रुपये ते काही शे रुपये असते आणि नुसतं थांबल्याने ती लाखांवर जाणार नाही. पण यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचा मेसेज आल्यावर तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

जुनं म्हणजे महाग, हे खरं आहे का?

पहिला गैरसमज हाच. जुनी साडी, जुनी भांडी, जुना वाडा यांना भाव येतो, मग जुन्या नाण्याला का नाही?

आपल्याच इतिहासातलं उदाहरण घेऊ. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. स्वराज्याच्या नाण्यांत सोन्याचा होन होता आणि तांब्याची शिवराई होती. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. होन आज इतके थोडे शिल्लक आहेत की अस्सल होन समोर आला तर अभ्यासकांमध्ये खळबळ उडते. शिवराईची गोष्ट वेगळी आहे. ती रोजच्या बाजारहाटाची होती. महाराजांनंतरही, पेशवाईतही आणि पेशवाई गेल्यावरही शिवराई पडत राहिली. मागच्या बाजूला दोन ओळींच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई तर एकोणिसाव्या शतकातली आहे. परिणाम काय झाला? साधी, झिजलेली शिवराई आजही काही शे रुपयांत मिळते. नाव तेच, आदर तोच, पण एक नाणं दुर्मीळ आहे आणि दुसरं नाही.

दुसरं उदाहरण राणीछाप रुपयाचं. १८६२ साल असलेला व्हिक्टोरिया राणीचा रुपया हातात आला की माणूस हरखून जातो. दीडशे वर्षांहून जुना! पण गंमत अशी की १८६२ हे साल फक्त त्याच वर्षी छापलं गेलं नाही. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर तेच साल कायम ठेवलं होतं. त्याच्या आधीच्या १८४० च्या रुपयाचंही तसंच, ते साल १८६१ पर्यंत चाललं. म्हणजे फक्त दोन सालांवर टांकसाळींनी तीसहून जास्त वर्षं रुपये पाडले. म्हणूनच १८६२ चा रुपया हा सर्वात सहज सापडणाऱ्या राणीछाप रुपयांपैकी एक आहे. जाणकार संग्राहक त्याच्यावरचे बारीक ठिपके मोजून नेमकं वर्ष ओळखतात आणि एखाद्या प्रकाराला जास्त पैसे देतात. पण नुसतं '१८६२ आहे' एवढ्यावर कुणी पाकीट उघडत नाही.

आणखी मागे जायचं तर रोमन साम्राज्याकडे बघा. चौथ्या शतकातली, म्हणजे साधारण १७०० वर्षांपूर्वीची रोमन काशाची छोटी नाणी युरोपात आजही ढिगाने सापडतात. त्यातलं साधं नाणं तिथल्या बाजारात आपल्याकडच्या दोघांच्या हॉटेलातल्या जेवणाइतक्या पैशांत मिळतं. सतराशे वर्षं थांबूनही जर ही किंमत असेल, तर पन्नास वर्षांत काय होणार याचा अंदाज तुम्हीच करा.

मग किंमत ठरते तरी कशावरून?

नाण्याच्या बाजारात तीन प्रश्न विचारले जातात.

पहिला, आज अशी किती नाणी शिल्लक आहेत? किती पाडली हे महत्त्वाचं आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वाचली.

दुसरा, ते नाणं हवं असणारी माणसं किती आहेत? जगात एकच नाणं असेल पण ते कुणालाच नको असेल तर किंमत शून्य.

तिसरा, नाणं कोणत्या अवस्थेत आहे? टांकसाळीतून आल्यासारखं लखलखीत असेल तर एक भाव, खिशात फिरून चेहरा पुसला गेला असेल तर दुसरा. एकाच सालाच्या दोन नाण्यांत अनेक पटींचा फरक फक्त यामुळे पडतो.

हे तिन्ही प्रश्न एकत्र कसे काम करतात ते १९११ च्या रुपयात दिसतं. पाचव्या जॉर्ज राजाच्या अंगरख्यावर हत्तीचं चिन्ह होतं. पण १९११ च्या नाण्यावर त्या हत्तीची सोंड इतकी आखूड दिसत होती की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर! लोकांमध्ये नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते, त्यातले जवळपास ७ लाखच बाहेर गेले आणि उरलेले वितळवले गेले. पुढच्या वर्षी हत्तीचं चित्र सुधारलं. आज संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणून ओळखतात आणि १९१२ च्या दिसायला जवळजवळ तशाच रुपयापेक्षा त्याला बरीच जास्त किंमत देतात. इथे नाणी वितळली म्हणून संख्या घटली आणि डुकराच्या गोष्टीमुळे मागणी वाढली. तरीही ७ लाख म्हणजे काही दोन-चार नव्हेत. त्यामुळे हा रुपया विकून कुणी बंगला बांधत नाही.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहून दुर्मीळ. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि चांदीची ओढाताण झाली. १९४० पासून रुपयातली चांदी सुमारे ९१.७ टक्क्यांवरून थेट ५० टक्क्यांवर आणली गेली. जुन्या, जास्त चांदीच्या १९३९ च्या रुपयांपैकी फार थोडे मागे राहिले. म्हणूनच ते साल मिळवण्यासाठी संग्राहक धडपडतात आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा आकडा कोरून '१९३९' केलेले बनावट रुपयेही बाजारात फिरतात. १९४० च्या दशकातले अर्ध्या चांदीचे रुपये मात्र आजही भरपूर मिळतात.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. नाणं महाग झालं ते म्हातारं झालं म्हणून नव्हे. त्याची भावंडं नाहीशी झाली म्हणून.

आता आपला डबा उघडू

एकेक नाणं बाहेर काढून बघू.

राणीछाप आणि राजाछाप चांदीचे रुपये. १९३९ पर्यंतचा रुपया साधारण ११.६६ ग्रॅमचा असतो आणि त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. आजचा चांदीचा ग्रॅमचा भाव घ्या, त्याला १०.६९ ने गुणा. ही त्या रुपयाची तळाची किंमत. यापेक्षा कमी कुणी देत असेल तर द्यायची घाई करू नका. १९४० ते १९४५ च्या रुपयात याच्या साधारण निम्मी, म्हणजे ५.८ ग्रॅम चांदी असते. १९४७ च्या वाघाचं चित्र असलेल्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे.

भोकाचा पैसा. १९४३ ते १९४७ या काळातला मधे भोक असलेला पैसा. धातू वाचवण्याच्या काळातला. गोष्ट सुंदर आहे, पण पाडलाही भरपूर आणि लोकांनी जपलाही भरपूर. भाव किरकोळ.

आणे, चवली, पावली. स्वातंत्र्यानंतरची, सिंहमुद्रेची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत सुरू झाली आणि १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. १९६४ मध्ये 'नया' शब्द गळला. या काळातली काही सालं कमी सापडतात, पण नेहमीची झिजलेली नाणी चिल्लर भावातच जातात.

ॲल्युमिनियमचे १, २, ३, ५, १०, २० पैसे. चौकोनी, षटकोनी, नागमोडी कडांची. लहानपणीच्या आठवणी यांच्याशीच जोडलेल्या आहेत. पण प्रत्येक घराच्या डब्यात तीच नाणी आहेत आणि अडचण नेमकी तीच.

पितळी वीस पैसे. कमळाचं किंवा १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीचं. यांच्या जाहिराती फार फिरतात. पिवळा रंग बघून सोन्याची अफवाही उठते. सोनं वगैरे काही नाही. त्याच शताब्दीचं १० रुपयांचं नाणं मात्र ८० टक्के चांदीचं, १५ ग्रॅमचं आहे. ते सापडलं तर बाजूला ठेवा, त्यात १२ ग्रॅम चांदी आहे.

गेंड्याचे चार आणे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बंद झाली. 'बंद झाली म्हणजे आता दुर्मीळ' असं अनेकांना वाटतं. पण लोकांनी ती बँकेत नेऊन दिली नाहीत, डब्यातच राहू दिली. त्यामुळे ती आजही सगळीकडे आहेत. आठ आणे, म्हणजे ५० पैसे, कायद्याने अजूनही चालतात, दुकानदार घेवो न घेवो.

वैष्णोदेवीचं नाणं. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २०१२ साली ५ आणि १० रुपयांची नाणी निघाली. ती चलनासाठीच काढली होती. वापरलेल्या नाण्याला १० लाख तर सोडाच, हजारही कुणी देत नाही.

राम दरबार किंवा ओम असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' किंवा '१६१६' चं नाणं. हे नाणंच नाही! कंपनीने अशी नाणी कधीच काढली नाहीत. ते नंतर केव्हातरी बनवलेले, देवळांबाहेर आणि जत्रेत विकले जाणारे टोकन आहेत. देव्हाऱ्यात ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण त्याला 'चमत्कारी', 'तांदूळ ओढणारं' म्हणून कुणी कोट्यवधींचा सौदा सांगत असेल तर तिथून निघा. या 'राइस पुलर' प्रकारात अनेकांनी आयुष्याची पुंजी घालवली आहे.

वेगळं चिन्ह असलेली नाणी. सालाखाली हिरा असेल तर मुंबई टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. १९८० आणि ९० च्या दशकांत नाणी कमी पडत होती म्हणून सरकारने ब्रिटन, कॅनडा, मेक्सिको अशा देशांतूनही नाणी पाडून आणली. 'परदेशी शिक्क्याचं नाणं लाखाला' हा मेसेज त्यावरूनच निघाला. पण विचार करा, तुटवडा भागवायला जी नाणी आणली ती थोडीथोडकी कशी असतील?

चुकीचं छापलेलं नाणं. टांकसाळीत खरोखर चूक झालेल्या नाण्याला चांगला भाव येऊ शकतो. चित्र एका बाजूला सरकलेलं, दोन्हीकडे एकच छाप वगैरे. पण चूक टांकसाळीत झालेली हवी. नंतर हातोडी मारून, घासून, किंवा १० रुपयांच्या नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसवून केलेली 'चूक' म्हणजे फक्त खराब केलेलं नाणं.

पण पन्नास वर्षं ठेवली तर?

आज भाव नाही हे पटलं, तरी मनात एक आशा राहते. 'आत्ता नाही, पण पुढे येईल ना?'

हा प्रयोग जगात आधीच होऊन गेला आहे. अमेरिकेत १९५० साली डेन्व्हरच्या टांकसाळीने ५ सेंटची नाणी कमी पाडली, सुमारे २६ लाख. बातमी पसरली. लोकांनी ती वापरण्याऐवजी कोऱ्या गुंडाळ्यांच्या गुंडाळ्या कपाटात ठेवल्या. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात भाव जोरात चढला आणि प्रत्येक जण स्वतःला हुशार समजू लागला. मग विकायला निघाल्यावर लक्षात आलं की विकणारेच सगळे, घेणारा कुणी नाही. भाव कोसळला. संख्या खरोखर कमी असूनही हे नाणं आज तिथे सहज मिळतं, कारण जवळपास सगळीच्या सगळी जपली गेली.

ज्या वस्तूला 'पुढे भाव येईल' असं सगळ्यांना वाटतं, ती सगळे जपतात. आणि सगळे जपतात म्हणून ती दुर्मीळ होत नाही. जी नाणी आज महाग आहेत ती त्यांच्या काळात कुणीही जपली नव्हती. ती खर्च झाली, हरवली, वितळली.

टांकसाळ संग्राहकांसाठी खास नाणी काढते, उदाहरणार्थ नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं. आवड म्हणून ती घ्यायला काहीच हरकत नाही. पण ती घेणारा प्रत्येक जण डबीत बंद करून ठेवतो, हेही ध्यानात असू द्या.

आता थोडा हिशेब. समजा तुम्ही १९९२ साली ५ रुपयांचं जाड नाणं बाजूला ठेवलं आणि ३३ वर्षांनी ते ५० रुपयांना विकलं. दहापट! पण वर्षाकाठी हा परतावा निघतो सुमारे ७.२ टक्के. इतक्या काळात पोस्टात किंवा बँकेत ठेवलेले पैसेही साधारण तसेच वाढले असते, तेही गिऱ्हाईक न शोधता. आणि हे दहापट मिळालं तर. बहुतेक झिजलेल्या नाण्यांना तेवढंही मिळत नाही.

'यूपीआयमुळे नाणी बंद पडतील, मग आपोआप दुर्मीळ होतील' असाही एक युक्तिवाद असतो. वापर कमी झाला म्हणून नाणी नाहीशी होत नाहीत. ती बँकांत आणि डब्यांत पडून राहतात. उलट वापर थांबला की नाणी झिजायची थांबतात आणि चांगल्या अवस्थेतली नाणी जास्त शिल्लक राहतात. शिवाय ज्या पिढीने हातात नाणं धरलंच नाही, तिला त्याची ओढ किती असेल हाही प्रश्नच आहे.

मग साधी नाणी कधीच महाग होत नाहीत का? काही होतात. एकाच सालाची, एकाच टांकसाळीची, खरोखर कमी पाडलेली आणि कोरी करकरीत राहिलेली. लक्षात घ्या, एकाच वेळी या सगळ्या अटी. म्हणून मुलांसाठी काही ठेवायचंच असेल तर मूठभर झिजलेल्या नाण्यांपेक्षा एखादं कोरं नाणं नीट जपणं बरं.

लाखाचा आकडा येतो कुठून?

दोन ठिकाणांहून. पहिलं, खऱ्या बातम्यांमधून. अमेरिकेचं १९३३ चं सोन्याचं 'डबल ईगल' नाणं २०२१ च्या लिलावात १ कोटी ८८ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. ही बातमी खरी आहे. त्यामागचं कारण मात्र मेसेजमध्ये नसतं: ४ लाखांहून जास्त नाणी पाडली आणि बाहेर न काढता जवळपास सगळी वितळवली.

दुसरं, वेबसाइटवर टाकलेल्या किमतींमधून. कुणीही आपल्या २ रुपयांच्या नाण्यापुढे '५ लाख' लिहू शकतो. त्याला पैसे पडत नाहीत. मग कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो आणि बातमी होते, 'हे नाणं ५ लाखांना'. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. भाव बघायचाच असेल तर लिलाव झालेल्या, विकल्या गेलेल्या नाण्यांचा बघा.

फसवणूक कशी होते?

साधारण प्रवास असा असतो. तुम्ही फोटो पाठवता. दहा मिनिटांत फोन येतो, "अभिनंदन, तुमच्या नाण्याची किंमत साडेचार लाख ठरली आहे." बोलणारा अदबीने बोलतो, ओळखपत्र पाठवतो, रिझर्व्ह बँकेच्या लेटरहेडवरचं पत्रही पाठवतो. मग म्हणतो, "फक्त ७५० रुपये नोंदणी फी भरा." ती भरली की जीएसटी, मग कुरिअरचा विमा, मग 'पैसे अडकलेत, ते सोडवायला' आणखी थोडे. प्रत्येक वेळी वाटतं, एवढे भरलेत तर आता शेवटचे भरू. शेवटी नाणं डब्यातच असतं आणि खात्यातले पैसे गेलेले असतात. कधीकधी तर ओटीपी घेऊन खातंच रिकामं केलं जातं.

हे लोक फसवायला कुणाला निवडतात? घरी असणाऱ्या आजी-आजोबांना, निवृत्त माणसांना, पैशांची नड असलेल्यांना. आणि फसल्यावर लाजेपोटी बरेच जण घरीही सांगत नाहीत.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर सावधगिरीचा इशारा दिला होता. बँक जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही, कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

पैसे गेलेच तर वेळ घालवू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे रोखले जाण्याची शक्यता जास्त.

मग नाण्यांचं करायचं काय?

- घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर काहीही नको. जुन्या नाण्यावरचा काळपट थर संग्राहकांना हवा असतो. चकचकीत केलेल्या नाण्याची किंमत उतरते आणि ती पुन्हा चढत नाही.
- कडेने धरा, कोरडं ठेवा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात ठेवा. ढिगात ठेवलं की एकमेकांवर ओरखडे पडतात.
- चांदी वेगळी काढा. वजन करा, साल लिहून ठेवा.
- दोन-तीन ठिकाणी विचारा. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे जाणकार विक्रेते भेटतात. एकाच्या शब्दावर विकू नका.
- कायदा माहीत असू द्या. १०० वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू मानलं जातं. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत. 'परदेशी गिऱ्हाईक आहे' म्हणणाऱ्यापासून म्हणूनच दूर राहा. शेत नांगरताना किंवा जुनं घर पाडताना पुरलेलं धन सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.
- बघायची आवड असेल तर मुंबईत फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा.

आजीच्या डब्यातल्या नाण्यांची किंमत सांगणारा कुणी फोनवर भेटणार नाही. त्यापेक्षा तिच्याजवळ बसून विचारा, चवलीत काय यायचं आणि ढब्बू पैसा कसा दिसायचा. बाजारात याला भाव नाही, पण हे सांगणारी माणसं नाण्यांपेक्षा लवकर दुर्मीळ होतात.

आणि ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला तर एकच वाक्य टाका: "खरं गिऱ्हाईक पैसे देतं. जो आधी पैसे मागतो, तो गिऱ्हाईक नसतो."